दिसायला एकच हंगुल शब्द, पण लांबी एकदा २ आणि एकदा ६: असे का होते?

शब्दसंग्राहक (प्रश्न)

कोरियन शिकणाऱ्यांसाठी मी एक कोरियन-मराठी शब्दसूची तयार करत आहे. तिच्यातील नोंदी वेगवेगळ्या ठिकाणांहून आल्या आहेत. काही मी स्वतः टंकित केल्या, काही जुन्या मजकूर-फायलींमधून घेतल्या, तर काही चित्रफायलींच्या नावांवरून उचलल्या. दुबार नोंदी काढून टाकण्यासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला, तेव्हा असे आढळले की ‘हान-गुल’ हा दोन अक्षरी शब्द सूचीत दोनदा आहे, दोन्ही ठिकाणी तो पडद्यावर तंतोतंत सारखा दिसतो, तरीही प्रोग्रामच्या मते एकाची लांबी २ आहे आणि दुसऱ्याची ६. साहजिकच प्रोग्राम त्यांना दोन वेगळे शब्द समजतो आणि एकाचा शोध घेतला की दुसरा सापडत नाही.

दुसरी शंका थोडी तात्त्विक आहे. आपल्या देवनागरीत ‘स्त्री’ या जोडाक्षराला स्वतःचा संकेतांक, म्हणजे संगणकातील ठरावीक क्रमांक, नाही. स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार एवढेच साठवले जाते आणि जोडणीचे काम फाँटवर सोपवलेले असते. हंगुल हीदेखील मुळात वर्ण जोडून अक्षर बनवणारी लिपी आहे. मग युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींच्या सामाईक संगणकीय प्रमाणात, तिच्या तयार अक्षरांना हजारोंच्या संख्येने संकेतांक का दिले आहेत, आणि तसे दिले असतील तर सुट्या वर्णांचा वेगळा संच कशासाठी आहे? माझ्याकडील दोन रूपांपैकी एक चुकीचे समजावे, की दोन्ही अधिकृत आहेत? याशिवाय माझ्याकडे एक जुनी फाईल आहे, जी युनिकोडमध्ये नाही एवढे नक्की, पण ती नेमकी कोणत्या संकेतनात आहे हे मला ओळखता येत नाही.

अक्षरजुळारी

दोन्ही रूपे अधिकृत आहेत आणि युनिकोडच्या नियमांनुसार ती परस्परांशी पूर्णपणे समतुल्य आहेत. आपला प्रोग्राम संकेतांकांची यादी जशीच्या तशी ताडून पाहतो, म्हणून त्याला ती वेगळी वाटतात.

आधी अक्षराची घडण पाहू. हंगुलच्या प्रत्येक अक्षरात आरंभीचे व्यंजन, मधला स्वर आणि असल्यास शेवटचे व्यंजन असे दोन किंवा तीन घटक एका चौकोनात बसवलेले असतात. या घटकांना ‘जामो’ म्हणतात. आधुनिक कोरियनमध्ये आरंभीची व्यंजने १९ आहेत, म्हणजे १४ मूळ आणि ५ दुहेरी. स्वर २१ आहेत, म्हणजे १० मूळ आणि ११ संयुक्त. शेवटच्या जागी येऊ शकणारी व्यंजने व व्यंजनजोड्या २७ आहेत, आणि ‘शेवटचे व्यंजन नाही’ हा २८ वा पर्याय. या तिन्ही संख्यांचा गुणाकार ११,१७२ येतो. युनिकोडने या सगळ्याच्या सगळ्या अक्षरांना सलग जागा दिली आहे, मग प्रत्यक्ष कोरियन भाषेत ते अक्षर कधी वापरले जात असो वा नसो. संकेतांक मी येथे दशमान पद्धतीने देत आहे, म्हणजे हिशेब कागदावर करून पाहता येईल. या पट्ट्यातील पहिले अक्षर ४४०३२ वर आहे आणि शेवटचे ५५२०३ वर.

या पट्ट्याची मांडणी शब्दकोशाच्या क्रमाने केलेली असल्यामुळे अक्षराचा संकेतांक पाठ करावा लागत नाही, तो काढता येतो. घटकांचे क्रमांक शून्यापासून मोजायचे, आरंभीच्या व्यंजनाच्या क्रमांकाला ५८८ ने, म्हणजे २१ गुणिले २८ ने गुणायचे, स्वराच्या क्रमांकाला २८ ने गुणायचे, शेवटच्या व्यंजनाचा क्रमांक मिळवायचा आणि या बेरजेत ४४०३२ घालायचे. आपल्या शब्दातील ‘हान’ घ्या. ‘ह’ हे आरंभीचे व्यंजन १८ व्या क्रमांकावर आहे, ‘आ’ हा स्वर शून्यावर आणि शेवटचा ‘न’ चौथ्यावर. १८ गुणिले ५८८ म्हणजे १०,५८४, त्यात ४ मिळवून १०,५८८ आणि पुढे ४४०३२ मिळवले की ५४६२० हा संकेतांक मिळतो. ‘गुल’ साठी आरंभीचा क्रमांक ०, स्वराचा १८ आणि शेवटच्या ‘ल’ चा ८ आहे, त्यामुळे उत्तर ४४५४४ येते. उलट दिशेने जायचे असेल तर ४४०३२ वजा करून आधी ५८८ ने आणि उरलेल्या बाकीला २८ ने भागायचे, की तिन्ही घटक सुटे होतात. युनिकोडच्या प्रमाणग्रंथात हंगुलसाठी ११,१७२ ओळींचे विघटनाचे कोष्टक दिलेले नाही, हेच गणित दिलेले आहे. एवढ्या मोठ्या वर्णसंचाची इतकी नेटकी व्यवस्था क्वचितच दिसते, असे माझे मत आहे.

आता लांबी ६ कशी आली ते पाहू. सुट्या जामोंचा एक स्वतंत्र विभाग ४३५२ पासून सुरू होतो. त्यात आरंभीची व्यंजने, स्वर आणि शेवटची व्यंजने यांना वेगवेगळे संकेतांक आहेत, म्हणजे आरंभीचा ‘न’ आणि शेवटचा ‘न’ ही संगणकाच्या दृष्टीने दोन भिन्न चिन्हे आहेत. ‘हान’ हे अक्षर तेथे ४३७०, ४४४९, ४५२३ असे तीन संकेतांक ओळीने ठेवून लिहिले जाते आणि ‘गुल’ हे ४३५२, ४४६७, ४५२७ असे. म्हणून एकूण सहा. फाँट व मजकूर मांडणारी प्रणाली नीट असेल तर हे तीन तुकडे एका चौकोनात बसतात आणि डोळ्यांना काहीच फरक जाणवत नाही. नीट नसेल तर तेच अक्षर फुटून तीन सुटे वर्ण शेजारी शेजारी दिसतात. फायलींच्या नावांत हा प्रकार विशेषतः आढळतो, कारण काही फाईल-प्रणाली नावे साठवताना ती मुद्दाम विघटित रूपात नेतात. आपल्या सहा लांबीच्या नोंदी बहुधा त्या चित्रफायलींच्या नावांतून आल्या असाव्यात.

साठवणुकीतही फरक पडतो. युटीएफ-८ या युनिकोड मजकूर बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत तयार अक्षराला ३ बाइट लागतात आणि प्रत्येक जामोलाही ३ च लागतात, त्यामुळे ‘हान-गुल’ एका रूपात ६ बाइटांचा होतो आणि दुसऱ्या रूपात १८ बाइटांचा. फाईलच्या नावावर बाइटांची कमाल मर्यादा असेल तेथे हा तिप्पट फरक चांगलाच नडतो.

उपाय सोपा आहे. सूचीत येणारा प्रत्येक शब्द आत घेतानाच एनएफसी या संयुक्त रूपात आणावा. युनिकोडच्या सामान्यीकरणाची ही सोय जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत तयार मिळते. याच्या उलट, विघटित रूपाला एनएफडी म्हणतात. आपल्याकडे दोनच रूपे आढळली असली तरी तिसरेही असू शकते. ‘हा’ हे शेवटचे व्यंजन नसलेले तयार अक्षर ५४६१६ वर आहे, त्याच्यापुढे ४५२३ हा शेवटचा ‘न’ ठेवला तरीही ‘हान’ होतो. एनएफसी हे अर्धे जोडलेले रूपसुद्धा ५४६२० वर आणून ठेवते. देवनागरीत असे काही नसते अशी समजूत असेल तर ‘दुसऱ्या’ मधील ‘ऱ’ पाहावा. त्याला स्वतःचा संकेतांक आहे, पण ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता अशा जोडीने लिहिलेला ‘ऱ’ ही त्याच्याशी समतुल्यच मानला जातो.

जुना टंकक

वरील उत्तरात रचना नेमकी सांगितली आहे. ती तशी का झाली हे मात्र इतिहासातूनच कळते, आणि आपली जुनी फाईल ओळखण्यासाठीही तो उपयोगी पडेल.

दक्षिण कोरियाने १९८७ मध्ये केएस सी ५६०१ हे राष्ट्रीय प्रमाण ठरवले. १९९७ पासून त्याचे नाव केएस एक्स १००१ असे झाले. त्याची चौकट ९४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ९४ घरे अशी होती, कारण दोन बाइटांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तेवढीच जागा मिळते. एकूण घरे ८,८३६ भरतात, म्हणजे हंगुलची सर्व ११,१७२ अक्षरे त्यात मावणे मुळातच अशक्य होते, आणि शिवाय त्याच चौकटीत चिनी चित्राक्षरे, म्हणजे कोरियनमध्ये ज्यांना हान्जा म्हणतात ती, बसवायची होती. म्हणून अधिक वापरातील २,३५० हंगुल अक्षरे निवडली गेली. ९४ घरांच्या बरोबर २५ ओळी त्यांनी व्यापल्या. हान्जांना ५२ ओळी मिळाल्या आणि त्यांत ४,८८८ चिन्हे आली. निवडलेल्या अक्षरांना तयार स्वरूपात घरे देण्याच्या या पद्धतीला ‘वानसोंग’ म्हणतात.

उरलेल्या ८,८२२ अक्षरांचे काय, हा प्रश्न कागदावरचा नव्हता. १९९० च्या सुमारास दक्षिण कोरियात एक दूरचित्रवाणी मालिका गाजत होती आणि तिच्या नावातील पहिलेच अक्षर, ‘त्तोम’, या प्रमाणात नव्हते. परकीय नावे व बोलीभाषेतील शब्द लिहितानाही हीच अडचण येत असे. प्रमाणात एक पळवाट ठेवलेली होती. एक रिक्त चिन्ह आणि त्यामागे तीन सुटे वर्ण, अशा आठ बाइटांच्या मालिकेने न मावलेले अक्षर लिहिता येईल अशी तरतूद होती, परंतु ती पाळणाऱ्या प्रणाली फार थोड्या निघाल्या. माझ्या मते जे अक्षर दोन बाइटांत लिहिण्याची सवय झाली आहे, त्याच्या भावंडासाठी आठ बाइट खर्च करायला सांगणारी तरतूद कोणीही मनापासून अमलात आणणार नव्हते.

याच काळात ‘जोहाप’ नावाची दुसरी पद्धत प्रचलित होती आणि हंगुलच्या स्वभावाला ती अधिक जवळची होती. १९, २१ आणि २८ या तिन्ही संख्या ३२ पेक्षा लहान आहेत, म्हणजे प्रत्येक घटकाला ५ बिट पुरतात. तीन घटकांचे १५ बिट आणि इंग्रजी मजकुरापासून वेगळे ओळखण्यासाठी आरंभी एक बिट १, असे सोळा बिटांत कोणतेही आधुनिक अक्षर लिहिता येते. ‘हान’ जोहापमध्ये १ १०१०० ०००११ ००१०१ असा लिहिला जातो. पहिला एक सोडला तर पुढील तीन गटांत ‘ह’, ‘आ’ आणि ‘न’ उघड उघड वाचता येतात. दोष एवढाच की दुसऱ्या बाइटाची मूल्ये इंग्रजी अक्षरांच्या प्रदेशात शिरतात आणि त्यामुळे ही पद्धत आंतरराष्ट्रीय चौकटीत बसत नाही. १९९२ च्या सुधारणेत तिला राष्ट्रीय प्रमाणाच्या परिशिष्टात स्थान मिळाले, पण तोवर वानसोंगवर आधारलेल्या प्रणाली सर्वत्र पसरल्या होत्या.

विंडोज ९५ च्या कोरियन आवृत्तीबरोबर मायक्रोसॉफ्टने तिसरा मार्ग काढला. वानसोंगची २,३५० अक्षरे जागची हलवायची नाहीत आणि उरलेली ८,८२२ आजूबाजूच्या मोकळ्या जागांत भरायची. याला युनिफाइड हंगुल कोड किंवा कोडपेज ९४९ म्हणतात. सर्व अक्षरे आली, पण शब्दकोशाचा क्रम मोडला, कारण नवी अक्षरे जुन्यांच्या मधे न बसता वेगळ्या भागात गेली, आणि नव्या अक्षरांच्या दुसऱ्या बाइटात इंग्रजी ए ते झेड यांची मूल्ये येऊ लागली. अशा फाईलमध्ये बाइटांच्या पातळीवर एखादे इंग्रजी अक्षर शोधले तर ते कोरियन अक्षराच्या पोटातही सापडू शकते.

आपली अनोळखी फाईल आधी कोडपेज ९४९ समजून वाचून पाहावी. ईयूसी-केआर या नावाने ओळखला जाणारा वानसोंगचा मजकूर त्यात पूर्णपणे सामावलेला असल्यामुळे एकाच प्रयत्नात दोन शक्यता तपासून होतात. निरर्थक अक्षरे दिसली तर जोहाप, म्हणजे कोडपेज १३६१, लावून पाहावे.

युनिकोडमध्येही आरंभी सारे सुरळीत नव्हते. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत वानसोंगची २,३५० अक्षरेच होती आणि ती १३३१२ पासून पुढे होती. १९९३ च्या १.१ आवृत्तीत आणखी दोन गट जोडले गेले आणि एकूण संख्या ६,६५६ झाली, पण हे गट एकामागून एक चिकटवलेले असल्याने क्रम तिथेही विस्कटलेलाच राहिला. १९९६ च्या २.० आवृत्तीत ती सारी अक्षरे जुन्या जागेवरून काढून टाकली गेली आणि ४४०३२ पासून सर्व ११,१७२ अक्षरे क्रमवार मांडली गेली. मधल्या काळात जुन्या संकेतांकांनी लिहिलेला मजकूर त्यामुळे निरर्थक झाला. या प्रकाराला जाणकारांमध्ये ‘कोरियन मेस’, म्हणजे कोरियन गोंधळ, असेच नाव पडले आहे. पुढे १९९९ च्या ३.० आवृत्तीत रिकाम्या झालेल्या त्या जागेत दुर्मीळ चिनी चित्राक्षरे आली, म्हणजे १.१ च्या काळातील कोरियन फाईल आज कोणी उघडली तर त्याला तिच्यात कोरियन दिसणार नाही, कधी न पाहिलेली चिनी चिन्हे दिसतील. एकदा दिलेला संकेतांक पुन्हा कधीही हलवायचा नाही, ही युनिकोडची आजची हमी २.० पासूनच लागू होते, हा योगायोग नाही.

देवनागरीशी केलेल्या तुलनेचे उत्तरही यातच आहे. हंगुल केवळ वर्णांनी संकेतबद्ध करणे शक्य होते. परंतु कोरियात तयार अक्षरांच्या सारण्या आधीच रुळल्या होत्या आणि त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये नेऊन परत आणता येणे ही प्राथमिक अट होती. भारतीय लिपींसाठी इस्की हे जे प्रमाण होते ते वर्णांवरच आधारलेले होते, म्हणून देवनागरीबाबत युनिकोडनेही तोच मार्ग धरला.

शब्दसंग्राहक

दोघांचेही आभार. जुनी फाईल कोडपेज ९४९ मध्ये व्यवस्थित उघडली आणि एनएफसी लावल्यावर दुबार नोंदींचा प्रश्न जवळजवळ सुटला. दोन बाबी राहिल्या आहेत. सूचीच्या आरंभी मी वर्णमाला दिली आहे. तेथील सुटे ‘ग’, ‘न’, ‘द’ हे मी कळफलकावरून टंकित केले आहेत, पण त्यांचे संकेतांक १२५९३ पासून पुढे आहेत, ४३५२ च्या विभागात ते नाहीत. एनएफकेसी नावाचे अधिक ‘कडक’ सामान्यीकरण वापरले तर ते ४३५२ च्या विभागात जातात असे दिसते. ते सरसकट लावावे का? आणि पंधराव्या शतकातील काही शब्दांच्या नोंदी आहेत, त्या एनएफसीनंतरही विघटितच राहतात. यात काही बिघडले आहे का?

अक्षरजुळारी

एनएफकेसी सरसकट लावू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

१२५९३ पासूनचा विभाग हा वानसोंग प्रमाणातील सुट्या वर्णांशी जुळवून घेण्यासाठी ठेवलेला आहे. ते वर्ण एकमेकांना जोडले जाण्यासाठी नसून एकेकटे दिसण्यासाठी आहेत: वर्णमालेचे तक्ते, व्याकरणातील चर्चा, किंवा कोरियन लोक गप्पांमध्ये हसू दाखवण्यासाठी ‘ख’ हे व्यंजन ओळीने तीनचार वेळा लिहितात तसा वापर. त्यांच्यात आरंभीचे आणि शेवटचे असा भेद नसतो. एनएफसी त्यांना हात लावत नाही. एनएफकेसी मात्र आधी त्यांना जोडल्या जाणाऱ्या जामोंमध्ये बदलते आणि मग जे जोडता येईल ते जोडते. आपल्या तक्त्यात ‘ग’ च्या लगेच पुढे ‘आ’ हा स्वर मुद्दाम सुटा लिहिलेला असेल, तर एनएफकेसीनंतर तेथे ‘गा’ हे एक अक्षर होऊन बसेल आणि तक्त्याचा अर्थच जाईल. हसण्याचे ते तीन ‘ख’ स्वराविना आरंभीची तीन व्यंजने बनतात आणि बहुतेक फाँटांत वेडेवाकडे दिसतात. ही जोडणी उलटवता येत नाही, कारण मूळ वर्ण सुटे होते की जोडलेले याची कोणतीही खूण मागे राहत नाही. शोधासाठी वेगळी अनुक्रमणिका करायची असेल तर तिच्यापुरते एनएफकेसी चालेल, मूळ नोंदींवर नको.

याच विभागात १२६४४ वर एक अदृश्य चिन्ह आहे. वर ज्या आठ बाइटांच्या पळवाटेचा उल्लेख झाला, तिच्यातील रिक्त चिन्ह ते हेच. ते अक्षर म्हणून गणले जाते, रिकामी जागा म्हणून नाही, त्यामुळे रिकाम्या जागा छाटणाऱ्या सूचना त्याला ओळखत नाहीत. खेळांमध्ये ‘रिकामे’ टोपणनाव घेणाऱ्यांना हे चिन्ह चांगलेच ठाऊक आहे. आपल्या जुन्या फायलींत ते आले आहे का, हे एकदा तपासावे.

आपल्या सूचीत हान्जांचा रकाना असेल तर एनएफसीबद्दलही एक सावधगिरी सांगतो. वानसोंग प्रमाणात एकाहून अधिक उच्चार असलेली चित्राक्षरे प्रत्येक उच्चाराखाली पुन्हा दिलेली होती. संगीत व आनंद या अर्थांचे एक चिन्ह तर चार ठिकाणी आहे, कारण ते ‘आक’, ‘राक’, ‘नाक’ आणि ‘यो’ असे चार प्रकारे वाचले जाते. अशा एकूण २६८ पुनरावृत्ती युनिकोडने वेगळ्या संकेतांकांवर जतन केल्या आहेत, परंतु एनएफसी त्या मूळ चिन्हात विलीन करते आणि कोणता उच्चार अभिप्रेत होता ही माहिती नाहीशी होते. उच्चाराचा रकाना स्वतंत्र असेल तर काळजी नाही, नसेल तर आधी तो भरून घ्यावा.

पंधराव्या शतकातील शब्दांत काहीही बिघडलेले नाही. ही लिपी १४४६ मध्ये जाहीर झाली तेव्हा तिच्यात २८ वर्ण होते आणि त्यांपैकी चार आज वापरात नाहीत. ‘आरे-आ’ म्हणून ओळखला जाणारा बिंदूसारखा स्वर त्यांतलाच. ११,१७२ चा गुणाकार केवळ आधुनिक घटकांचा असल्यामुळे आरे-आ असलेल्या कोणत्याही अक्षराला तयार संकेतांक नाही, आणि ते जामोंच्या मालिकेनेच लिहावे लागते. २००९ च्या ५.२ आवृत्तीत जुन्या वर्णांचे आणखी दोन विभाग जोडले गेले, त्यानंतर शक्य अशा जुळण्यांची संख्या सोळा लाखांवर जाते. एवढ्या सगळ्यांना तयार संकेतांक देणे कोणाच्याही मनात येणार नाही. सुट्या जामोंचा वेगळा संच कशासाठी, हे आपण आरंभी विचारले होते. त्याचे सर्वांत सबळ कारण हेच.

कोशक्रम

शब्दसूचीचा विषय आहे म्हणून क्रमवारीबद्दल आणि एका उपयुक्त युक्तीबद्दल लिहितो.

आधुनिक अक्षरे एनएफसी रूपात असतील तर संकेतांकांच्या चढत्या क्रमाने लावलेली यादी दक्षिण कोरियातील शब्दकोशांच्या क्रमाशी जुळते, त्यासाठी वेगळे कोष्टक लागत नाही. उत्तर कोरियात मात्र दुहेरी व्यंजने साध्या व्यंजनांच्या लगेच मागे न येता सर्वांच्या शेवटी येतात, आणि तेथील केपीएस ९५६६ या प्रमाणातही क्रम वेगळा आहे. त्यामुळे तेथील कोशाशी ताडून पाहायचे असेल तर क्रमवारीचा स्वतंत्र नियम द्यावा लागेल. उत्तर कोरियाने युनिकोडमधील मांडणीला आक्षेप घेतला होता, पण संकेतांक न हलवण्याची हमी तोवर दिली गेली होती. जुन्या वर्णांच्या नोंदींचे संकेतांक ४३५२ च्या आसपास असल्याने नुसत्या संकेतांकक्रमाने त्या सगळ्या यादीच्या माथ्यावर गोळा होतात. अशा मिश्र यादीसाठी युनिकोडच्या क्रमवारी पद्धतीची कोरियन आवृत्ती वापरणे इष्ट.

युक्ती अशी की ४४०३२ वजा करून २८ ने भागल्यावर बाकी शून्य उरली तर अक्षर स्वरान्त असते, अन्यथा व्यंजनान्त. कोरियनमध्ये कर्त्याला लागणारा प्रत्यय व्यंजनान्त शब्दापुढे ‘ई’ आणि स्वरान्तापुढे ‘गा’ असा बदलतो. आपल्या सूचीतून उदाहरणवाक्ये आपोआप तयार करायची असतील तर शेवटच्या अक्षरावर हा एक भागाकार पुरेसा आहे. ज्यांना तो माहीत नसतो त्यांचे प्रोग्राम दोन्ही प्रत्यय कंसासह छापून मोकळे होतात, आणि ते वाचायला फार ओबडधोबड वाटते. ‘रो’ या साधनवाचक प्रत्ययाला मात्र एक अपवाद सांभाळावा लागतो. व्यंजनान्त शब्दापुढे तो ‘उरो’ होतो, पण शेवटचे व्यंजन ‘ल’ असेल, म्हणजे बाकी ८ उरली, तर स्वरान्ताप्रमाणे नुसता ‘रो’ च लागतो. आपला ‘हान-गुल’ हा शब्द नेमका याच अपवादात मोडतो: ४४५४४ वजा ४४०३२ म्हणजे ५१२, आणि त्याला २८ ने भागल्यावर बाकी ८.